बाकी कल

"नाव काय म्हणालीस पुस्तकाचं?"

"बंद खोलीतला तंबोरा."

"खुनाबिनाची गोष्ट आहे की काय?"

"खून आहे, भूत आहे, जुनी पत्रं आहेत आणि मधूनमधून चिजांचं नोटेशनही आहे."

अप्पा, माझे वडील, अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. हसले. "म्हणजे भेळच की. ठेव तिकडे आणि अग्रलेख वाच."

मी कुरुंदवाडच्या वाचनालयात नोकरीला होते. दुपारी बारा ते चार वाचनालय बंद असायचं. त्या वेळात घरी येऊन जेवायचं, अप्पांना वाढायचं आणि त्यांना काहीतरी वाचून दाखवायचं, असा आमचा क्रम दोन वर्षं चालला होता. काचबिंदूनं त्यांची नजर पार गेली होती. अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत सगळं ते ऐकत, पण कादंबरी म्हटलं की तोंड वाकडं. तीस वर्षं हायस्कुलात संगीतमास्तर होते, गाव त्यांना पाटगावकर मास्तरच म्हणायचं, आणि मास्तरांच्या मते कादंबऱ्या हे बिनकामाच्या लोकांचं काम होतं.

पण मी त्या पुस्तकाची चाळीस पानं काउंटरवर उभ्याउभ्या वाचली होती. ते घरी का आणलंय हे मला चांगलं ठाऊक होतं.

"एक परिच्छेद ऐका. नाही आवडला तर उद्या परत नेते," म्हटलं, आणि त्यांचं उत्तर यायच्या आत सुरू केलं.

एका संस्थानातले म्हातारे उस्ताद शागिर्दाला एक अनवट चीज शिकवतायत. स्थायी पुरी होते. शागिर्द हात जोडून म्हणतो, "आणि अंतरा?" उस्ताद तंबोऱ्याच्या तारा रुमालानं पुसतात, गवसणी चढवतात आणि म्हणतात, "बाकी कल." दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांची खोली आतून बंद असते आणि ते आत मरून पडलेले असतात.

अडकित्ता थांबला होता.

"परत वाच," अप्पा म्हणाले.

हे का, ते सांगायला हवं. अप्पा अकरा वर्षं मिरजेला दिलदार खाँसाहेबांकडे शिकले. त्या घराण्यांतल्या उस्तादांची एक रीत होती. शागिर्द कितीही जवळचा असो, काहीतरी हातचं राखायचं. कुणाला रागाचा एखादा रस्ता सांगायचा नाही, कुणाला चिजेचा अंतरा द्यायचा नाही. तो दिला की मग द्यायला उरलं काय? खाँसाहेबांनी अप्पांना एका चिजेची स्थायी, म्हणजे पहिला अर्धा भाग, दिली होती. 'आधो किवार खोल ठाढ़ी रही, कौन दिसा सों आवे पिया.' दार अर्धं उघडून ती उभी आहे. तो कुठून येईल, येईल की नाही, ते अंतऱ्यात असणार. राग कोणता ते सांगत नाही. सांगितला तर जाणकार भांडायला येतील. अप्पा अंतरा मागायचे आणि खाँसाहेब तारा पुसत म्हणायचे, "बाकी कल." आणि एका सकाळी ते अंथरुणातून उठलेच नाहीत. अप्पा तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते.

पुढची पंचेचाळीस वर्षं त्यांनी अर्धीच चीज गायली. तीही बाहेर नाही, घरात, सकाळी. गावात कुणी गवई आला की त्याला विचारायचे. खाँसाहेबांच्या पुतण्यांच्या मागे हुबळीपर्यंत जाऊन आले. कुणाकडेच अंतरा नव्हता, किंवा असून कुणी दिला नाही. मरायच्या आधी तेवढा मिळावा, एवढं एकच मागणं त्यांचं उरलं होतं.

त्या अंतऱ्याशी माझाही एक जुना हिशेब होता. सोळा वर्षांची असताना मी स्वतःच्या डोक्यानं एक अंतरा जुळवला आणि मोठ्या ऐटीत अप्पांना गाऊन दाखवला. तेव्हा ते मला शिकवायचे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "घराण्याच्या चिजेला ठिगळ लावतेस? कुणी सांगितलं तुला?" मारलं नाही. तंबोऱ्याला गवसणी घातली आणि उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून माझी शिकवणी बंद झाली. शिष्य गायला बसले की मागे तंबोरा मात्र मीच धरायचा, तो पंचवीस वर्षं धरला. तिथून मला शिष्यांच्या माना आणि अप्पांची पाठ दिसायची.

कादंबरी रोज दुपारी दहा-पंधरा पानं पुढं सरकायला लागली. कसलं पुस्तक होतं ते! एक प्रकरण खुनाच्या तपासाचं. त्यातला फौजदार सुरात अगदी औरंगजेब, पण तपासासाठी बिचारा सारेगम शिकतो, आणि त्याची फजिती ऐकून अप्पा ठसका लागेपर्यंत हसायचे. पुढच्या प्रकरणात बंद खोलीतून तंबोरा ऐकू यायचा आणि अप्पांचा हात नकळत माझ्या मनगटावर यायचा. मग उस्तादांच्या बायकोची पत्रं. मग मध्येच ताना आणि बोलअंगाबद्दल अशी आठ पानं, की अप्पा म्हणाले, "लिहिणारा बसलाय कुणाच्या तरी पायाशी." नोटेशन आलं की मी नुसते स्वर वाचायची, मात्रा बोटांवर मोजत, आणि अप्पा ते गळ्यावर घालून बघायचे. मी गायची नाही. आमच्यात तसं ठरलेलंच होतं.

सगळ्यात वाईट वाटायचं ते त्या शागिर्दाचं. उस्ताद गेल्यावरही तो रोज सकाळी तंबोरा जुळवून बंद दारासमोर येऊन बसतो. वर्षं जातात, संस्थान खालसा होतं, वाड्यात कचेरी येते, शिपाई त्याला हुसकून लावतात. तरी येतो. ते वाचता वाचता मी थांबले. वर पाहिलं तर अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मीही रडले. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मनसोक्त रडले.

"थांबलीस का? वाच."

सातव्या प्रकरणात ती स्थायी आली. तीच. 'आधो किवार खोल ठाढ़ी रही.' स्वरही जवळजवळ तेच. अप्पा आधाराशिवाय ताडकन उभे राहिले.

"शरू, हा माणूस खाँसाहेबांकडं पोचलेला आहे. याच्याकडं अंतरा आहे!"

"कादंबरी आहे हो, अप्पा."

"कादंबरीत स्थायी खरी असते, तर अंतरा काय म्हणून खोटा असेल? किती पानं राहिली?"

दोनशे दहा राहिली होती. मी शेवट आधी बघितला नाही. वाचनालयात लोकांनी शेवट फोडलेली पुस्तकं रोज हाताळणारी बाई मी, पण हे पुस्तक मला त्यांच्याबरोबरच संपवायचं होतं. तिथंच चुकलं. आधी बघितलं असतं तर काहीतरी कारण काढून ते मधेच परत नेलं असतं.

शेवटच्या दुपारी जेवणं लवकर उरकली. अप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, जणू पुस्तक नाही, पाहुणाच यायचा होता. उस्ताद गेल्यापासून खोलीला लागलेलं कुलूप फौजदार तोडतो. तंबोऱ्याच्या गवसणीत हात घालतो. आत घडी केलेला कागद असतो. तो कागद उलगडतो आणि म्हाताऱ्या झालेल्या शागिर्दाच्या हातात देतो.

मी पान उलटलं.

पानावर नोटेशनच्या चौकटी छापल्या होत्या. तीन ओळी, प्रत्येकीत सोळा मात्रा, सम आणि खालीच्या खुणा जागच्या जागी. चौकटी कोऱ्या होत्या. पुढे काही नव्हतं, नुसता पुठ्ठा.

"काय लिहिलंय कागदावर?" अप्पांनी विचारलं.

"थांबा. टाइप बारीक आहे."

ते पुढं वाकून बसले होते. दोन्ही हात मांडीवर उताणे, काही घ्यायचं असल्यासारखे. त्या हातांवर मी 'काही नाही' कसं ठेवणार होते? टेबलावरची पेन्सिल घेतली. वाचनालयात पुस्तकात पेन्सिल चालवणाऱ्याला मी चारचौघांत झापायची. आणि लिहायला लागले. एक ओळ लिहायची, वाचायची, पुढची लिहायची. 'ना आयो कोऊ, ना मूँदत बने, पवन ही पग धरे अँगना में.' कुणी आलं नाही, दार लावूनही घेववत नाही, अंगणात पाऊल टाकतोय तो नुसता वारा. सोळाव्या वर्षीचा तो पोरकट अंतरा हा नव्हताच. हा कधी तयार झाला ते मलाही माहीत नव्हतं. शिष्यांच्या मागे बसून पंचवीस वर्षं तो आत साठत गेला असणार, आणि बाहेर आला तो त्या शागिर्दाच्या चारशे पानांमुळे. बहुतेक अंतरे वरच्या षड्जाकडे झेप घेतात. हा निघतो तिकडेच, पण वाटेतून मागे वळतो. कुणी आलंच नाही, तर वर जाऊन करायचं काय?

मी स्वर वाचले. अप्पांनी ते एकदा म्हटले, दुसऱ्यांदा म्हटले. तिसऱ्यांदा स्थायीपासून धरून अंतरा घेतला आणि ते समेवर आले. मग त्यांना हुंदका फुटला.

"बघ," ते म्हणाले. "बघ, वळला कुठून! याला म्हणतात घराणं. हे तुझ्यामाझ्या बापजन्मी सुचायचं नाही, शरू."

"नाही," मी म्हटलं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. चूल पेटवायला गेले आणि काडी ओढायची विसरून तशीच उभी राहिले. माझा बाप आत माझी चीज गात होता.

पुढचे दोन महिने अप्पा दहा वर्षांनी तरुण दिसत होते. सकाळी पाचला उठायचे आणि अंतरा घोटायचे. खाँसाहेबांची बरसी मार्गशीर्षात यायची. दरवर्षी आमच्या बाहेरच्या खोलीत फोटोला हार घालायचे, ऊद जाळायचे आणि पंधरा-वीस माणसांपुढे अप्पा गायचे. ती स्थायी मात्र त्या दिवशी कधी गायले नव्हते. अर्धी चीज गुरूपुढं ठेवू नये म्हणायचे. यंदा ठेवणार होते.

आणि त्यांना लेखकाला पत्र लिहायचं होतं. मी आज-उद्या करत राहिले. एकदा तर पत्ता सापडत नाही म्हणून सांगितलं. शेवटी त्यांनी शशिकांत मगदूमला गाठलं. मगदूम बँकेत होता, अप्पांचा जुना शिष्य, गळा बेताचा पण माणूस हक्काचा.

"पत्र टाकलंय बघा, मास्तर," एका रविवारी तो सांगत आला. "प्रकाशकाकडनं पत्ता काढला. बरसीला या म्हणून आवतणबी दिलंय."

मी चहा गाळत होते. निम्मा ओट्यावर गेला.

उत्तर आठ दिवसांत आलं, तेही मगदूमच्या घरी. त्यानंच ते वाचून दाखवलं. मुकुंद घाणेकर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पहिल्याच पुस्तकाला असा वाचक मिळाला म्हणून भारावून गेले होते. जरूर येतो म्हणाले. अंतऱ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की अप्पांनी पत्रात अंतऱ्याचं काही लिहायला लावलंच नव्हतं. समोर गाऊन दाखवायचं आणि मग विचारायचं, असा त्यांचा बेत होता.

बरसीच्या दिवशी घाणेकर सकाळी नऊलाच आले. साधा बुटका माणूस, हातात पेढ्यांचा पुडा. अप्पा आत आंघोळ करत होते. दारात आम्ही दोघंच होतो. दोन वाक्यांचं काम होतं. अप्पांना अंतरा तुमचाच आहे असं वाटतंय, तेवढं हो म्हणा. त्या माणसानं ऐकलंही असतं, डोळे भले होते त्याचे.

मी म्हटलं, "या, बसा. पाणी आणते."

त्या दोन वाक्यांचा मी आजवर किती विचार केला असेल! विसरले नव्हते, धीर नव्हता असंही नाही. मला वाटलं, कळू दे. आता गायलेत, रडलेत, दोन महिने घोटलंय. आता कळलं तर काय होईल? आता म्हणावंच लागेल त्यांना काहीतरी. एकदा म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

अप्पा त्या दिवशी फार सुंदर गायले. मी मागे तंबोऱ्यावर होते. स्थायी भरून झाल्यावर ते थांबले, फोटोच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाले, "खाँसाहेब, पंचेचाळीस वर्षांनी बाकी मिळाली. ज्यांच्या पुस्तकातनं मिळाली ते आज इथं बसलेत." मग अंतरा घेतला. तो वळला तिथं खोलीत कुणी तरी 'आहा' म्हणालं. घाणेकर माझ्याकडे बघत होते. मी तारा छेडत राहिले.

लोक मलिदा खाऊन गेले. अप्पा, घाणेकर, मगदूम आणि मी उरलो.

"आता सांगा," अप्पा म्हणाले. "कुणाकडनं मिळाला?"

घाणेकरांनी चष्मा काढला, पुसला. "मास्तर, स्थायी मी मिरजेत एका म्हाताऱ्या सारंगियाकडून ऐकली. अंतरा त्यालाही येत नव्हता. म्हणून तर शेवटचं पान मी कोरं सोडलंय. आज ऐकला तो माझ्या पुस्तकात नाही." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "पण ज्याचा कुणाचा असेल, त्याचे पाय धरावेत असा आहे."

खोलीत उदाचा वास होता. अप्पांनी मान वळवली, बरोबर माझ्या दिशेला.

"शरू?"

"माझा आहे, अप्पा."

मगदूमनं आधी "आयला!" केलं आणि मग जीभ चावली. घाणेकरांना अप्पांनी नीट निरोप दिला, पुन्हा या म्हणाले. मगदूमला त्यांना स्टँडवर सोडायला पाठवलं. दार लागलं तसं म्हणाले, "पुस्तक आण. आणि खोडरबर."

मी दोन्ही आणलं.

"खोड."

"अप्पा—"

"त्यांच्या फोटोपुढं मी तुझं गायलो. त्यांचं म्हणून. भर बरसीला." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "या तोंडानं गायलो."

"वाईट होतं का?"

"तो प्रश्न नाही."

"वाईट होतं का, तेवढं सांगा. मग खोडते. सगळं खोडते."

त्यांची बोटं गवसणीच्या नाडीशी चाळा करत होती. मला वाटलं, आता म्हणतील.

"खोड," ते म्हणाले. "मी ऐकतोय."

मी खोडत गेले. तीन ओळी, सोळा-सोळा मात्रा. रबराचा आवाज थांबला की ते मान वर करायचे, म्हणून मी थांबले नाही. शेवटी पानावर हात फिरवला, भुगा झटकला आणि म्हटलं, "झालं." त्यांनी मान हलवली आणि आत जाऊन निजले. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक वाचनालयात जमा केलं.

अप्पा त्यानंतर चौदा महिने जगले. माझ्याशी नीट बोलायचे. अग्रलेख ऐकायचे, आमटीत मीठ कमी पडलं तर सांगायचे. कादंबरीचं नाव दोघांनीही काढलं नाही. सकाळी ते पुन्हा पूर्वीसारखी अर्धी चीज गायचे. स्थायी संपली की थांबायचे आणि पुन्हा स्थायी धरायचे.

जायच्या आधी आठवडाभर ते पडूनच गुणगुणत होते. एका सकाळी मी पायांशी बसले होते. स्थायी संपली आणि गळा आपल्या आपण पुढं गेला. अंतऱ्याचा पहिला स्वर लागला, अगदी लख्ख, माझ्या जागी. त्यांनी तोंड मिटलं. ओठ आत ओढून मिटलं, लहान मूल औषधाला मिटतं तसं. थोड्या वेळानं पुन्हा स्थायी सुरू केली. म्हणजे अंतरा त्यांना येत होता. चौदा महिने रोज सकाळी तो त्यांच्या गळ्याशी येत होता आणि रोज सकाळी ते तो गिळत होते. मला उत्तर मिळालं असं म्हणावं, तर ते त्यांनी कधी दिलंच नाही.

याला आता सव्वीस वर्षं झाली. निवृत्त झाल्यावर मी बाहेरच्या खोलीत चार मुली शिकवायला घेतल्या. त्यातली समिधा खरी गाणारी आहे. परवा तिला 'आधो किवार' दिली, चार दिवसांत उचलली. तंबोरा मांडीवरून उतरवताना म्हणाली, "ताई, याचा अंतरा?"

अंतरा नाही, असं मला सांगता आलं असतं. तो माझा आहे, असंही सांगता आलं असतं. ऐकायला आता घरात कुणी नव्हतं, भिंतीवर खाँसाहेबांचा फोटो आणि शेजारी अप्पांचा. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की तो मला द्यायचा नाहीये. ज्याला तो हवा होता त्यानं तो तोंड मिटून परत केला होता. आता कुणी हात पसरले तरी मला ते खरे वाटणार नव्हते. माझा हात रुमालाकडे गेला होता. मी तारा पुसायला लागले होते.

"बाकी उद्या," मी म्हटलं.

ती "बरं" म्हणून चप्पल घालून गेली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा मी तिला दुसरी चीज सांगितली.